रुग्ण गावातच, गुरू पडद्यावर!

दुखणे खेड्यात आणि त्याचा जाणकार शहरात, ही आपल्याकडची जुनी रड. पण रुग्णाला शहरात आणण्याऐवजी शहरातले ज्ञानच गावातल्या डॉक्टरपर्यंत नेले तर? अमेरिकेतील एका भारतीय वंशाच्या डॉक्टरने हा प्रयोग केला. आज तो पंजाबच्या जिल्हा रुग्णालयांपर्यंत आणि छत्तीसगडच्या समुपदेशकांपर्यंत पोहोचला आहे.

चाळिशीतली ती बाई दवाखान्यात आली तेव्हा तिची दोन मुले बरोबर होती. पोटात दुखतेय, एवढीच तिची तक्रार. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यातल्या अल्बुकर्की शहरातला तो विद्यापीठाचा दवाखाना. समोर बसले होते यकृतविकारतज्ज्ञ डॉ. संजीव अरोरा. त्यांनी बाईचे जुने कागद चाळले आणि ते चकित झाले. तिला 'हिपॅटायटिस सी' हा यकृताचा संसर्ग असल्याचे निदान काही वर्षांपूर्वीच झाले होते. मग इतकी वर्षे ती आली का नाही?

कारण अगदी साधे होते. तिचे गाव तिथून दोनशे मैलांवर, म्हणजे सुमारे ३२० किलोमीटरवर. जवळपास मुंबई ते रत्नागिरी एवढे अंतर! उपचारासाठी अशा बारा फेऱ्या कराव्या लागतील, असे तिला सांगण्यात आले होते. पोटासाठी काम करणारी आई तेवढ्या रजा कुठून आणणार? तिने दुखणे अंगावर काढले. दुखू लागले तेव्हा ती निघाली खरी, पण तोवर यकृतात कर्करोगाची मोठी गाठ झाली होती. पुढे काही महिन्यांतच ती गेली. मागे दोन मुले राहिली.

ही हकीगत डॉ. अरोरा यांनी नंतर अनेक व्यासपीठांवरून सांगितली आहे. त्यांना लागलेली टोचणी अशी, की या रोगावर औषध होते, औषध देणारा तज्ज्ञही होता. बाई मेली ती अंतरामुळे.

आठ महिन्यांची रांग

न्यू मेक्सिको हे आकाराने आपल्या महाराष्ट्रापेक्षा किंचित मोठे राज्य. लोकसंख्या मात्र वीस लाखांच्या घरात. माळरान, डोंगर, वाळवंट आणि लांब लांब विखुरलेली गावे. त्या काळी साऱ्या राज्यात वैद्यकीय महाविद्यालय एकच. हिपॅटायटिस सी झालेले सुमारे २८ हजार लोक या राज्यात असावेत, असा अंदाज होता. त्यांपैकी पाच टक्क्यांनाही उपचार मिळालेले नव्हते. तुरुंगांत निदान झालेले कैदी २३०० होते. त्यांतल्या एकालाही औषध मिळाले नव्हते. आणि डॉ. अरोरा यांच्या दवाखान्यात पहिली भेट मिळायलाच आठ महिने लागत.

मग गावातला डॉक्टर स्वतःच उपचार का करत नव्हता? त्यालाही सबळ कारण होते. त्या काळचा उपचार म्हणजे इंटरफेरॉनची इंजेक्शने आणि रिबाव्हिरिनच्या गोळ्या, अनेक रुग्णांमध्ये तब्बल ४८ आठवडे! त्यात ताप, अंगदुखी, रक्त कमी होणे, पांढऱ्या पेशी घटणे असे प्रकार होत. काही रुग्णांना तर टोकाचे नैराश्य येई. हे सारे सांभाळायचे, तर यकृताबरोबर रक्ताचे आणि मनाचेही ज्ञान हवे. एकट्यादुकट्या डॉक्टरला तो धोका पत्करवत नसे. 'मोठ्या डॉक्टरांना दाखवा' असे म्हणून तो चिठ्ठी लिहून देई. आपल्याकडच्या तालुक्याच्या गावी राहणाऱ्यांना ही चिठ्ठी काही नवी नाही.

डॉ. अरोरा यांच्यापुढे दोन रस्ते होते. आणखी तज्ज्ञ नेमावेत, तर तेवढे तज्ज्ञ आणि पैसा आणायचा कुठून? रुग्णांना शहरात आणावे, तर ते येऊ शकत नव्हते. त्यांनी तिसरा रस्ता धरला. माणसे हलवायची नाहीत, ज्ञान हलवायचे!

पडद्यावरचा वर्ग

२००३ साली 'प्रोजेक्ट इको' सुरू झाला. पद्धत ऐकायला सोपी आहे. आठवड्यातला एक दिवस आणि वेळ ठरलेली. त्या वेळी राज्यातल्या निरनिराळ्या गावांतले डॉक्टर, परिचारिका आपापल्या दवाखान्यात पडद्यासमोर बसतात. दुसऱ्या टोकाला विद्यापीठात तज्ज्ञांचे पथक असते. त्यात यकृतविकारतज्ज्ञ असतो, मानसोपचारतज्ज्ञ असतो आणि औषधांचा जाणकारही असतो.

सुरुवातीला एखाद्या विषयावर छोटेसे व्याख्यान होते. पण खरा भर त्यापुढच्या भागावर. गावातला एक डॉक्टर आपल्या रुग्णाची माहिती मांडतो. वय, तक्रारी, रक्ताचे अहवाल, चालू औषधे, घरची परिस्थिती, सारे काही. फक्त नाव तेवढे सांगायचे नाही. मग 'माझे अडते ते इथे' असे तो मोकळेपणाने सांगतो. त्यावर आधी इतर गावांतले डॉक्टर बोलतात, मग तज्ज्ञ. शेवटी उपचाराची दिशा ठरते. निर्णय मात्र रुग्णाच्या डॉक्टरचाच राहतो, कारण रुग्ण त्याचा असतो आणि जबाबदारीही त्याचीच.

इथे एक फरक नीट लक्षात घ्यायला हवा. ही परिषद नव्हे, की एकदा ऐकले आणि प्रमाणपत्र घेऊन घरी गेले. आठवड्यामागून आठवडे हा वर्ग चालतो. एकाची अडचण दहा जण ऐकतात. त्यामुळे दुसऱ्या गावातला तसलाच रुग्ण समोर आला, की त्या डॉक्टरला ते उत्तर आठवते. वर्षभरात तो शंभर रुग्णांच्या कहाण्या ऐकून शहाणा होतो, प्रत्यक्षात स्वतः दहाच पाहिलेले असले तरी. जुन्या काळी वैद्याच्या हाताखाली राहून शिष्य जसा तयार होई, तशातलाच हा प्रकार. फक्त गुरू तीनशे किलोमीटरवर बसलेला आणि शिष्य एकाच वेळी वीस!

परीक्षेचा निकाल

कल्पना कितीही चांगली असली, तरी एक शंका उरतेच. वर्षानुवर्षे अभ्यास केलेल्या तज्ज्ञाची बरोबरी गावातला साधा डॉक्टर करू शकेल? रुग्णाच्या जिवाशी हा खेळ तर नव्हे?

याचे उत्तर आकड्यांनीच द्यायला हवे होते. डॉ. अरोरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४०७ रुग्णांची पाहणी केली. त्यांतल्या १४६ जणांवर विद्यापीठाच्या दवाखान्यात तज्ज्ञांनी उपचार केले. उरलेल्या २६१ जणांवर १६ गावांतल्या दवाखान्यांत आणि ५ तुरुंगांत, पडद्यावरून शिकलेल्या डॉक्टरांनी. २०११ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नामांकित नियतकालिकात निकाल छापून आला. तज्ज्ञांच्या दवाखान्यात विषाणूमुक्त झालेले रुग्ण ५७.५ टक्के. गावांत आणि तुरुंगांत ५८.२ टक्के. म्हणजे दोघेही बरोबरीत! एवढेच नव्हे, गंभीर दुष्परिणामांचे प्रमाण तज्ज्ञांकडे १३.७ टक्के, तर गावांत ६.९ टक्के आढळले.

गावातला डॉक्टर तज्ज्ञाहून हुशार, असा याचा अर्थ नाही. तज्ज्ञ पाठीशी असला, तर गावातला डॉक्टर तेच काम तितक्याच सुरक्षितपणे करू शकतो, एवढाच याचा अर्थ. शिवाय त्याच्या बाजूला काही जमेच्या गोष्टी असतात. तो रुग्णाला ओळखतो. त्याच्या घरचे त्याला माहीत असतात. रुग्णाला चक्कर आली, तर तो त्याच दिवशी येऊन दाखवू शकतो. महिन्यातून एकदा तीनशे किलोमीटरवर जाणारा रुग्ण ती चक्कर अंगावर काढतो.

या पद्धतीची मजल पुढे कुठवर गेली, याचे एक उदाहरण बोलके आहे. २००९ पासून न्यू मेक्सिकोच्या तुरुंगांत कैद्यांनाच आरोग्यशिक्षक म्हणून तयार करण्यात येऊ लागले. सुया वाटून वापरू नका, गोंदवून घेताना सावध राहा, हे बाहेरच्या डॉक्टरने सांगण्यापेक्षा बरोबरच्या कैद्याने सांगितले, तर पटते. २०१६ साली अमेरिकेच्या संसदेने या पद्धतीचा देशभर कितपत उपयोग होईल याचा अभ्यास करावा, असा कायदाच केला.

पंजाबचा धडा

डॉ. अरोरा यांच्या पुढाकाराने २००८ साली 'इको इंडिया' ही संस्था भारतात उभी राहिली. पण या पद्धतीची भारतातली मोठी कसोटी लागली ती पंजाबात.

हिपॅटायटिस सी हा रक्तातून पसरणारा रोग. एकाची सुई दुसऱ्याला टोचणे, न तपासलेले रक्त देणे, नीट निर्जंतुक न केलेली उपकरणे वापरणे, ही त्याची वाट. वर्षानुवर्षे काहीही लक्षण दिसत नाही आणि आतल्या आत यकृत निबर होत जाते. पंजाबच्या खेड्यापाड्यांत या रोगाने मूळ धरले होते. २०१५ च्या सुमारास या रोगावरच्या नव्या गोळ्या भारतात तयार होऊन स्वस्त मिळू लागल्या. इंजेक्शन नको, वर्षभराचा छळ नको, बहुतेकांना १२ आठवड्यांच्या गोळ्या पुरे! जून २०१६ मध्ये पंजाब सरकारने ही औषधे मोफत देण्याची योजना सुरू केली.

औषध आले, पण ते देणार कोण? यकृतविकारतज्ज्ञ होते मोजके आणि तेही मोठ्या शहरांत. सगळ्या राज्याचे रुग्ण चंडीगडला आले असते, तर तिथली रांग अल्बुकर्कीहून लांब झाली असती. म्हणून चंडीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेतील डॉ. राधाकृष्ण धीमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिल्हा रुग्णालयांतल्या फिजिशियन डॉक्टरांनाच तयार केले. आधी प्रत्यक्ष प्रशिक्षण दिले आणि मग 'इको' पद्धतीने पडद्यावरून पाठपुरावा ठेवला. २२ जिल्हा रुग्णालये आणि ३ सरकारी वैद्यकीय महाविद्यालये या कामाला लागली.

उपचाराची रीतही मुद्दाम सोपी केली गेली. यकृत कितपत निबर झाले आहे, हे पाहायला एरवी महागडे यंत्र लागते. ते जिल्ह्याच्या ठिकाणी नव्हते. मग रुग्णाचे वय, यकृताच्या साध्या रक्तचाचण्या आणि रक्तातल्या प्लेटलेट पेशींची संख्या यांवरून कागदावर गणित मांडायचे, असे ठरले. आकडा एका मर्यादेखाली आला तर साधा १२ आठवड्यांचा उपचार. वर गेला तर यकृताचा सिऱ्हॉसिस आहे असे धरून अधिक काळजी आणि २४ आठवडे औषध.

समजा, एखाद्या जिल्हा रुग्णालयात पन्नाशीचा शेतकरी आला. गणिताचा आकडा सीमारेषेवर. शिवाय मधुमेह आणि हृदयाचे औषध चालू. नव्या गोळ्या त्या औषधाबरोबर चालतील का? अशा वेळी पूर्वी एकच उत्तर होते, चंडीगडची चिठ्ठी. आता तो डॉक्टर हा प्रश्न वर्गात मांडतो. उत्तर त्याला मिळते आणि बाकीच्या जिल्ह्यांतले डॉक्टरही ते ऐकतात. शेतकऱ्याची एक दिवसाची मजुरी आणि एसटीचे भाडे वाचते, ते वेगळेच.

या कामाचा निकाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. ४८,०८८ रुग्णांवर उपचार करण्यात आले. त्यांतले बहुसंख्य ग्रामीण भागातले. उपचार पुरा करून शेवटच्या तपासणीला आलेल्यांपैकी ९१.६ टक्के रुग्ण विषाणूमुक्त झालेले आढळले. मात्र इथेच एक उणेही दिसले. औषध संपल्यानंतर १२ आठवड्यांनी करायच्या त्या तपासणीला बरेच जण आलेच नाहीत. बरे वाटले की दवाखान्याकडे पाठ फिरवायची, ही आपली सवय! डॉक्टर शिकला तरी रुग्णाला परत बोलावणारे कोणीतरी लागतेच, हा पंजाबचा दुसरा धडा. २८ जुलै २०१८ रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय विषाणूजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. त्यात ठरावीक सरकारी केंद्रांत या रोगाची तपासणी आणि औषधे मोफत देण्याची तरतूद आहे.

मन, व्यसन आणि कर्करोग

यकृताच्या रोगात जे जमले, ते इतर दुखण्यांत जमेल का? मनाच्या आजारांत त्याची गरज अधिकच आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत दिसून आले, की निरनिराळ्या मानसिक आजारांचे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांविनाच राहतात. एक तर मानसोपचारतज्ज्ञ थोडे. त्यात 'लोक काय म्हणतील' ही भीती. जिल्ह्याच्या गावी मनाचा डॉक्टर नसतो आणि असला तरी त्याच्या दारात उभे राहायची लाज वाटते.

बंगळूरच्या 'निम्हान्स' या राष्ट्रीय संस्थेने २०१४ च्या सुमारास पडद्यावरून शिकवण्याचे असेच काम हाती घेतले. व्यसनमुक्तीपासून सुरुवात झाली. छत्तीसगडच्या ग्रामीण जिल्ह्यांतल्या समुपदेशकांनाही या वर्गांत सामावून घेण्यात आले. दारू सोडायची म्हणणाऱ्या माणसाशी पहिल्या भेटीत काय बोलावे, त्याचे हात थरथरू लागले तर ते कितपत धोक्याचे, बायकोला कधी बोलवावे, जीव देण्याचे विचार मनात येतात का हे कसे विचारावे, असे प्रश्न पुस्तक वाचून सुटत नाहीत. कोणीतरी अनुभवी माणूस शेजारी असावा लागतो. इथे तो पडद्यावर असतो.

कर्करोगाच्या बाबतीत महाराष्ट्राला हे चित्र सर्वाधिक जवळचे. मुंबईत परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाभोवती पदपथावर बिऱ्हाड थाटून बसलेली परगावची कुटुंबे कोणी पाहिली नाहीत? बिहार, बंगाल, विदर्भ, मराठवाडा, कुठून कुठून माणसे येतात. २०१२ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय कर्करोग जाळ्यात आज देशभरातली तीनशेहून अधिक केंद्रे आहेत आणि त्याची सूत्रे टाटा स्मारक केंद्राकडे आहेत. या जाळ्यातले डॉक्टर अवघड रुग्णांची माहिती पडद्यावरून तज्ज्ञांच्या मंडळापुढे ठेवतात. आधी शस्त्रक्रिया की आधी औषधे, हा निर्णय गावाजवळच्या केंद्रात बसून पक्का होतो. अवघड शस्त्रक्रियेसाठी मुंबईला यावे लागेलही. पण नुसते 'काय करायचे' हे विचारण्यासाठी येणे टळते.

सल्ला वेगळा, शिकवणी वेगळी

आता कोणी म्हणेल, यात नवे ते काय? मोबाइलवरून डॉक्टरांचा सल्ला तर हल्ली घरबसल्या मिळतो. केंद्र सरकारची 'ई-संजीवनी' सेवाही २०१९ पासून आहे. ती उपयोगी आहे, यात वाद नाही. पण दोन्हींत मूलभूत फरक आहे.

दूरसल्ल्यात तज्ज्ञ एका वेळी एका रुग्णाचा प्रश्न सोडवतो. उद्या तसाच दुसरा रुग्ण आला, की पुन्हा तज्ज्ञाला फोन. शिकवणीत तज्ज्ञ एका वेळी वीस डॉक्टर घडवतो. ते वीस जण पुढे शेकडो रुग्ण स्वतः पाहतात. पणतीने पणती लावली, की पहिलीचा उजेड कमी होत नाही, तसेच हे.

आणखी एक गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. खेड्यातला डॉक्टर फार एकटा असतो. समोरच्या रुग्णाबद्दल दोन शब्द बोलायला बरोबरीचा माणूस नसतो. चूक झाली तर गाव अंगावर येते आणि बरोबर ठरले तर शाबासकी द्यायला कोणी नसते. मग तो शहराची वाट धरतो. आठवड्यातून एकदा आपल्यासारखेच दहा चेहरे भेटले, आपला प्रश्न मूर्खपणाचा नव्हता हे कळले, की त्याचा धीर वाढतो. न्यू मेक्सिकोच्या डॉक्टरांनीही, आता आपण एकटे पडलो असे वाटत नाही, हा मोठा लाभ म्हणून नोंदवला होता.

अडथळे आहेतच

अर्थात पडदा लावला म्हणजे सारे सुरळीत झाले, असे नाही. सकाळी दीडशे रुग्ण तपासणाऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्याने दुपारी तासभर वर्गात कसे बसावे? तो तास त्याच्या कामातच धरला गेला पाहिजे. नाही तर तो एका हाताने केसपेपर लिहील आणि एका कानाने ऐकेल. शिकून तयार झालेल्या डॉक्टरची बदली झाली, की त्या गावाची गाडी पुन्हा पहिल्या स्टेशनावर. इंटरनेट आणि वीज यांचे लहरी वागणे तर सगळ्यांच्याच परिचयाचे.

सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे औषध आणि तपासणी. काय करायचे ते डॉक्टरला उत्तम कळले, पण कपाटात गोळ्या नाहीत आणि रक्त तपासायचे रसायन संपलेले, तर त्या ज्ञानाचा उपयोग काय? पंजाबला यश आले ते तिन्ही गोष्टी एकत्र आल्याने: मोफत औषध, सोपी तपासणी आणि शिकलेला डॉक्टर. यांतली एक जरी काढली, तरी तिवईचा पाय मोडतो.

घरातल्यांनी काय करावे?

या साऱ्यात आपल्यासारख्या कुटुंबांचाही वाटा आहे. गावातला डॉक्टर 'मी जरा वरिष्ठांना विचारून सांगतो' म्हणाला, तर त्याला काही येत नाही, असे समजू नये. विचारणारा डॉक्टर हा सावध डॉक्टर असतो. 'इथे उपचार होऊ शकेल का, की जायलाच हवे?' हा प्रश्न त्याला जरूर विचारावा. इंजेक्शन घेताना नवी सुई आपल्यासमोर फोडायला सांगावी. पूर्वी कधी रक्त घेतले असेल, डायलिसिस झाले असेल किंवा एकच सुई अनेकांना वापरली गेल्याची शंका असेल, तर हिपॅटायटिस सी ची रक्तचाचणी करून घ्यावी. आणि औषधे संपल्यावर 'पुन्हा या' म्हटले, तर न चुकता जावे.

अल्बुकर्कीच्या त्या बाईला बारा फेऱ्या जमल्या नाहीत. तिच्या गावात डॉक्टर होता. त्यालाच कोणी शिकवले असते, तर बारा फेऱ्यांऐवजी तिला चार गल्ल्या ओलांडाव्या लागल्या असत्या आणि संध्याकाळी मुलांचा स्वयंपाक करायला ती घरी परतली असती. आपल्याकडेही अशा आया प्रत्येक तालुक्यात आहेत. त्यांच्यासाठी मोठे रुग्णालय बांधायला वर्षे लागतील. गावातल्या डॉक्टरच्या पाठीशी एक गुरू उभा करायला मात्र आठवड्यातले दोन तास पुरतात.